जुन्या मॅसी १०३५ ला स्वस्तातला लोडर बसवायचाय? आधी ट्रॅक्टर बघा, मग लोडर

प्रश्न असा आलाय: १९९९ चा मॅसी १०३५ आहे, गोठ्यात पंचवीस जनावरं, थोडी द्राक्षं, बाकी ऊस. शेणखत आणि कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) ट्रॉलीत भरायला माणसं मिळत नाहीत, म्हणून दोन लाखाच्या आत पुढचा लोडर बसवायचाय. पंजाबवाल्याचा रेडिमेड घ्यावा, गावाकडच्या वर्कशॉपमधून बनवून घ्यावा की कोणाचा जुना काढलेला घ्यावा, आणि मुळात एवढा जुना ट्रॅक्टर झेपेल का.

झेपेल भाऊ. लोडर बसवायचंच काम करतो मी, १०३५ ला तर भरपूर बसवलेत आणि चालतायत. पण तुम्ही ज्या क्रमाने विचारताय तो उलटा आहे, लोक आधी लोडरचा भाव काढतात, बकेट किती मोठी ते बघतात आणि शेवटी ट्रॅक्टर वर्कशॉपला आणून लावतात. जुन्या ट्रॅक्टरला पैसे वाचवायचे तर बकेटमध्ये वाचवा, छोटी घ्या. पंप आणि खालची फ्रेम या दोन ठिकाणी हात आखडता घेतलात की तो लोडर सहा महिन्यात गोठ्यामागं पडून राहतो.

पहिलं ऑइलचं बघू कारण १०३५ मध्ये सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. मॅसीचा लिफ्टचा पंप हा आत, मागच्या हाउसिंगमध्ये आहे, पिस्टनवाला, पीटीओच्या (मागची अवजारं फिरवणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. तो लिफ्टसाठी केलेलाय, पलटी नांगर उचलायला एक नंबर, पण ऑइल कमी फेकतो. काही जण सांगतात की अहो लिफ्टमधूनच पाइप काढून देतो, वेगळा पंप कशाला, वीस-पंचवीस हजार वाचतील. नका करू. एक तर बूम (बकेट उचलणारा हात) इतका सावकाश वर जातो की माणूस पाटीनं लवकर भरेल. दुसरं, मॅसीत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचं ऑइल एकच आहे, म्हणजे लोडरच्या जॅकमधून (हायड्रोलिक सिलिंडरमधून) जी माती आणि कचरा आत येणार ती सरळ तुमच्या गिअरमध्ये जाणार, आणि जॅक पूर्ण वर गेले की तेवढं ऑइल गिअरबॉक्समधनं कमी झालेलं असतं. आणि तिसरं सगळ्यात त्रासाचं. तुमचा बहुतेक सिंगल क्लच असणार, त्यात क्लच दाबला की पीटीओ बंद, पीटीओ बंद म्हणजे पंप बंद. लोडरचं काम काय असतं, ढिगात घुसायचं, क्लच दाबायचा आणि त्याच वेळी बकेट मागं वळवून उचलायची. नेमकं तेव्हाच जॅक थांबणार. मग ड्रायव्हर गिअर न्यूट्रल करतो, क्लच सोडतो, बकेट उचलतो, परत क्लच, परत रिव्हर्स. एक ट्रॉली भरेपर्यंत पाय जातो कामातून आणि क्लचप्लेटही.

मागं पीटीओला वेगळा पंप लावून टाकी थ्री-पॉइंटवर (मागं अवजार जोडतात तिथं) बसवायची ही पण एक पद्धत आहे, बसवायला सोपी, स्वस्त, पण सिंगल क्लचला दुखणं तेच राहतं. डबल क्लचवाला (क्लच अर्धा दाबला तरी पीटीओ चालू राहतो असा) ट्रॅक्टर असता तर मी म्हणलो असतो चालेल.

तुम्हाला पाहिजे तो पुढून, क्रँकच्या पुलीवरून चालणारा गिअर पंप. पुलीला फ्लँज बसवतात, त्याला छोटा जॉइंट शाफ्ट आणि पुढं बंपरपाशी पंप. इंजिन चालू आहे तोवर पंप चालू, क्लचशी संबंध नाही. यात बघायची गोष्ट एकच, शाफ्टचं अलाइनमेंट. पंप अर्धा सूत जरी वाकडा बसला तरी शाफ्ट थरथरतो आणि काही दिवसात क्रँकचं पुढचं ऑइल सील गळायला लागतं, मग लोक म्हणतात जुनं इंजिन, गळणारच. इंजिनचा दोष नसतो तो. बसवल्यावर रेस वाढवून पंपाच्या ब्रॅकेटवर हात ठेवून बघा (शाफ्टपासून लांब, सदऱ्याची बाही आत खोचून), थरथर जाणवली तर तिथल्या तिथे परत करायला लावा.

पंप किती सीसीचा घ्यावा यावर वाद घालणारे खूप आहेत, हिशोब मात्र साधा आहे. सीसी (एका फेऱ्यात पंप फेकतो ते ऑइल) गुणिले आरपीएम भागिले हजार म्हणजे मिनिटाला किती लिटर. १६ सीसीचा पंप १५०० आरपीएमला २४ लिटर देतो. बूमचे दोन जॅक ६३ मिमी बोअरचे आणि ५०० मिमी स्ट्रोकचे धरले तर दोघांत मिळून सव्वातीन लिटरच्या आत ऑइल मावतं, म्हणजे खालून वर जायला आठएक सेकंद. शेतकऱ्याच्या कामाला एवढं पुष्कळ झालं. १५० बार प्रेशरला हा पंप इंजिनकडून आठ-दहा एचपी घेतो, १०३५ छत्तीस एचपीचा आहे, आरामात देतो. २५-३० सीसीचा पंप लावून द्या म्हणणारे असतात, बकेट फटक्यात वर जाते हे खरं, पण त्या फटक्याचा हिसका बूमला, फ्रेमला आणि पुढच्या एक्सलला बसतो आणि छोट्या टाकीतलं ऑइल दुपारपर्यंत हात लावू देत नाही इतकं तापतं. टाकी निदान चाळीस लिटरची घ्या, ऑइल ६८ नंबरचं हायड्रोलिक, आणि परतीच्या लाइनला फिल्टर. हा फिल्टर कोटेशनमध्ये बहुतेक वेळा नसतो, विचारून घाला.

आता वजनाकडं येऊ. इथं मी थोडा वेळ घेतो कारण इथंच ट्रॅक्टर मोडतात.

ट्रॅक्टरला ट्रकसारखी चेसिस नसते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पुढचा सपोर्ट, इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग, हे सगळं एकमेकांना बोल्टनी आवळलेलं आहे आणि तेच त्याचं अंग. लोडरचा सगळा जोर जर पुढच्या सपोर्टवर आणि इंजिन ब्लॉकच्या चार भोकांवर घेतला तर ढिगात धडक दिली की प्रत्येक वेळी इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या जोडावर वाकडा ताण येतो. आधी बोल्ट ढिले होतात, मग जोडातनं ऑइल पाझरतं, मग एक दिवस बिडाचं हाउसिंग तडकतं. बीड वेल्डिंग करून परत पहिल्यासारखं होत नाही, कोणी कितीही सांगू दे. म्हणून दोन्ही बाजूंनी जाड चॅनलची फ्रेम पुढच्या सपोर्टपासून पार मागच्या एक्सलच्या हाउसिंगपर्यंत गेलेली पाहिजे आणि तिथं यू-बोल्टनी किंवा प्लेटनी आवळलेली पाहिजे. स्वस्तातले जे लोडर येतात त्यांचा स्वस्तपणा बहुतेक याच ठिकाणी असतो, फ्रेम क्लच हाउसिंगपाशीच संपते. फोटोत कळत नाही, खाली वाकून बघा. आणि बघतानाच हेही बघा की ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, गेजची पट्टी, स्टार्टर हे फ्रेम न काढता हाताला येतात का. साधं इंजिन ऑइल बदलायला लोडर उतरवावा लागणारे महाभाग मी बघितलेत.

बकेटमध्ये समजा चारशे किलो माल आहे. बकेटचा मध्य पुढच्या एक्सलच्या दीड मीटर पुढं आणि दोन एक्सलमधलं अंतर १.९ मीटर धरा. तर पुढच्या एक्सलवर चारशे नाही, सातशेच्या वर किलो येतात, आणि मागचा एक्सल तीनशेहून जास्त किलोनी हलका होतो. यात लोडरचं स्वतःचं वजन अजून धरलंच नाही, ते साडेतीनशे-चारशे किलो कुठं गेलं नाही, तेही जवळजवळ सगळं पुढंच. तुमच्या पुढच्या ६.००-१६ च्या टायरांनी आणि पंचवीस वर्षं जुन्या हब बेअरिंगनी हे सगळं उचलायचंय.

आता मालाचं वजन बघा. पाच फूट रुंदीची साधारण ०.३ घनमीटरची बकेट घेतली तर ओलसर शेणखत सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं. त्याच बकेटमध्ये माती चारशेच्या वर जाते. ओली वाळू साडेपाचशेच्या पुढं. म्हणजे शेणखताला जी बकेट नेमकी आहे तीच वाळूला धोक्याची आहे. तुमचं काम खत आणि प्रेसमडचं, तर पाच फुटाची, कमी खोलीची बकेट घ्या, सहा फुटाचा मोह नको. पाच फुटाच्या खाली पण जाऊ नका, कारण बकेट पुढच्या दोन टायरांच्या बाहेरच्या मापापेक्षा रुंद असली तरच टायर साफ केलेल्या जागेतून चालतात, नाहीतर ढिगावर चढतात. आणि शेजारी मुरूम भरायला किंवा तलावातला गाळ काढायला ट्रॅक्टर मागायला आला तर अर्धी बकेट भर म्हणून सांगा, किंवा सरळ नाही म्हणा, कारण अर्धी कोणी भरत नाही.

लोडर बसवायच्या आधी पुढचा एक्सल जॅकवर उचला. एक्सलच्या मधली सेंटर पिन आणि तिचे बुश, दोन्हीकडचे किंगपिन (चाक ज्यावर वळतं त्या पिना), हबचे बेअरिंग, टायरॉडचे एंड. चाक वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघा, टकटक आवाज आला की ते बदलायचंच, लोडरच्या आधी. हा खर्च बजेटमध्ये धरा. टायर जास्त प्लायचे (थरांचे) घ्या आणि टायरवर लिहिलेली कमाल हवा भरा. ७.५०-१६ चे मोठे टायर टाकावेत असं वाटत असेल तर रिमही बदलावी लागते, नुसते टायर चढवून देणाऱ्याचं ऐकू नका.

स्टेरिंग तुमचं साधं आहे. भरल्या बकेटनं उभ्यावर स्टेरिंग फिरवणं म्हणजे खांद्याचा व्यायाम आणि स्टेरिंग बॉक्सचा सत्यानाश. थोडं सरकत सरकत वळवायचं ही सवय ड्रायव्हरला लावा. रोज दोन-चार तास लोडर चालणार असेल तर हायड्रोलिक पॉवर स्टेरिंगचं किट मिळतं, ते बसवा, आठवड्यातून एकदा ट्रॉली भरायची असेल तर नाही बसवलं तरी चालतं.

मागं वजन लागतंच. ते नसलं तर मागची चाकं ढिगात घुसताना नुसती फिरतात, आणि टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात हे विसरू नका, मागचं हलकं झालं की उतारावर ब्रेक दाबून उपयोग नसतो, चाकं घासत जातात. सगळ्यात स्वस्त म्हणजे मागच्या टायरमध्ये पाऊण उंचीपर्यंत पाणी, १३.६-२८ च्या एका टायरात दोनशे लिटरच्या आसपास बसतं. त्यानंतर थ्री-पॉइंटवर वजन. दोनशे लिटरचा रिकामा बॅरल घ्या, त्यात आडवी जाड पिन आणि वर टॉपलिंकचा कान वेल्ड करून घ्या आणि काँक्रीट भरा, पूर्ण भरला तर पावणेपाचशे किलोच्या आसपास होतो, तुम्हाला अर्ध्याहून थोडा जास्त पुरे. लोखंडी वेट विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. आणि हे वजन मागच्या एक्सलच्याही मागं लटकतं म्हणून पुढचा एक्सल थोडा हलकाही करतं, नुसतं पाणी भरून ते होत नाही. उतारावर भरली बकेट कायम चढाच्या बाजूला ठेवायची, चढताना सरळ, उतरताना रिव्हर्समध्ये. आणि बकेट जमिनीपासून फूट-दीड फूटच, वर धरून पळवायची नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, कुठला घ्यायचा.

पंजाबकडून किंवा राजकोटकडून येणारे रेडिमेड लोडर फिनिशिंगला चांगले असतात, बूमची कटिंग-बेंडिंग मशीनवर झालेली असते, पिन-बुशची भोकं एका रेषेत असतात. अडचण अशी की ते सध्या जास्त खपणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मापाचे ब्रॅकेट ठेवतात. १०३५ जुना असला तरी इतका खपलाय की त्याचं माप बहुतेकांकडं सापडतं, हा तुमचा फायदा, एखादा बंद पडलेल्या कंपनीचा ट्रॅक्टर असता तर सरळ लोकल वर्कशॉपला जा म्हणलो असतो. पण भाव विचारताना तुमच्या दारात, बसवून, ऑइल भरून किती असा विचारा. फोनवरचा भाव, त्यात ट्रान्सपोर्ट, जीएसटी, पंपाचं किट, ऑइल आणि फिटिंग मिळवलं की आकडा बराच वर सरकतो. सील किट आणि होज इथं कुठल्या मापाचे मिळतील हेही विचारा, जॅक चालू बोअरचा असेल तर सील नगरला, पुण्याला, सांगलीला कुठंही मिळतं, अडनिड्या मापाचा असेल तर खताच्या सीझनमध्ये आठ दिवस कुरिअरची वाट बघत बसाल.

लोकल वर्कशॉप मला आवडतं, आणि मी स्वतः त्यातला आहे म्हणून सांगत नाही. ट्रॅक्टर समोर उभा करून माप घेतात, फ्रेम तुमच्या एक्सलला बसेल अशी करतात, आणि काही झालं तर माणूस तासाभराच्या अंतरावर असतो. पण जॅक त्यांनी स्वतः साध्या पाइपचे बनवलेले नकोत. जॅकची नळी आतून होनिंग केलेली (घासून गुळगुळीत) आणि रॉड हार्ड क्रोमचा पाहिजे, साध्या सीमलेस पाइपचा जॅक सुरुवातीला झकास चालतो मग सील खायला लागतो. ओळखायचं कसं, भरलेली बकेट वर उचला, इंजिन बंद करा, बूमखाली कोणी येणार नाही असं बघून टेपनी उंची मोजा आणि चहा पिऊन या. दहा मिनिटांत बोटभर खाली आली तर नव्या लोडरला ठीक, वीतभर आली तर सील किंवा वाल्व गळतोय. वाल्व दोन लिव्हरचा साधा घ्या, जॉयस्टिक बघायला भारी पण महाग आणि बिघडला की बदलायलाच लागतो. वाल्ववर प्रेशरचा स्क्रू असतो, उचलत नाही म्हणलं की फिटर तो आवळतो, तसं करायचं नाही, गेज लावून १५० बारच्या आसपास सेट करायचं आणि त्यावर रंगाचा ठिपका देऊन ठेवायचा म्हणजे कोणी हात लावला तर कळतं. होज दोन वायरच्या जाळीची. आणि कुठं बारीक फवारा दिसला तर हातानी चाचपायचं नाही, त्या प्रेशरचं ऑइल कातडीत घुसतं आणि बोट कापायची वेळ येते, पुठ्ठा धरून बघायचं.

सेकंडहँड मिळाला तर सोनं, पण तो १०३५ वरूनच उतरवलेला असेल तर. दुसऱ्या ट्रॅक्टरचा असेल तर फ्रेम नवीन करावी लागते आणि मग स्वस्तपणा राहत नाही. बघताना रंगावर जाऊ नका, ताजा पिवळा रंग मारलेला असेल तर उलट जास्त बघा. दोन्ही बूमच्या टोकांपासून मागच्या पिनांपर्यंत दोरी तिरकी लावून दोन्ही तिरकी मापं घ्या, फरक आला तर बूम पिळलाय, म्हणजे कोणीतरी एका कोपऱ्यानं दगड उपटायला लावलेला. दोन बूमना जोडणारा जो आडवा पाइप असतो त्याच्या वेल्डिंगपाशी नखानं खरवडून बघा, तडे तिथंच पडतात. वेल्डवर वेल्ड चढवलेला दिसला की सोडून द्या. रॉडवर गंजाचे खड्डे असतील तर सील टिकणार नाही. पिन-बुश झिजलेले चालतील, ते लेथवर करून मिळतात.

तिन्हीपैकी काहीही घ्या पण भाव ठरवायच्या आधी ट्रॉलीच्या फाळक्याची उंची टेपनी मोजा. बकेट पालथी केल्यावर तिचं टोक जमिनीपासून किती वर राहतं ते विचारा, विकणारे पिनपर्यंतची उंची सांगतात, ती फसवी आहे. फाळक्यापेक्षा फूटभर तरी जास्त पाहिजे. आणि लोडर चार पिना आणि क्विक कपलर (होजचे पटकन सुटणारे जोड) काढून खाली उतरेल असाच घ्या, स्टँडसकट, कारण तुमचा हा एकच ट्रॅक्टर दिसतोय, पेरणीला आणि उसाच्या बांधणीला तोच लागणार, चारशे किलोचं ओझं पुढं लावून सरीत फिरवलात तर पुढची चाकं रुततील.

परवडतं का, तर तुमच्याकडच्या जेसीबीच्या तासाच्या भावानं भागून बघा. समजा लोडर सगळं धरून एक लाख ऐंशी हजाराला पडला आणि जेसीबी तासाला बाराशे घेतो, तर दीडशे तासांचे पैसे झाले. पण जेसीबी एका तासात जेवढं भरतो तेवढ्याला १०३५ ला अडीच-तीन तास लागतील हेही धरा, आणि डिझेल तुमचं. वर्षातून दोनदाच उकिरडा उपसायचा असेल तर खरं सांगतो, भाड्याचा जेसीबीच बोलवा. रोजचं शेण बाजूला ढकलायचं, आठवड्याला ट्रॉली भरायची, प्रेसमड आला की पसरायचा असं चालू काम असेल तर दोन-तीन वर्षांत पैसे फिटतात. नुसतं गोठ्यातलं शेण ओढून ढीग करायचा असेल, ट्रॉली भरायचीच नसेल, तर मागं थ्री-पॉइंटला लागणारी बकेट फारच स्वस्तात होते, तिला ना पंप लागतो ना फ्रेम, आहे त्या लिफ्टवर चालते.

आरटीओचं पण सांगून ठेवतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा फेरफार करता येत नाही. म्हणूनही उतरणारा लोडर बरा, हायवेला किंवा कारखान्याला जाताना काढून ठेवायचा, इन्शुरन्सवाल्याला बोलायला जागा राहत नाही.

तुमच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलून सेंटर पिन आणि किंगपिनचा ढिलेपणा बघा, क्लच कितपत राहिलाय ते बघा, आणि फाळक्याची उंची मोजून कळवा. त्यावर बकेटचं माप आणि बूमची लांबी सांगतो, तोवर कोणाला ॲडव्हान्स देऊ नका.